चेन झिजते ती आतून

खंडेनवमीला गावोगावच्या वॉशिंग सेंटरवर मोटरसायकलींची रांग लागते. फोम, प्रेशरचं पाणी, वर टायरला पॉलिश. घरी आल्यावर हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. दसऱ्याच्या सकाळी अशा एखाद्या गाडीच्या उघड्या चेनवरून बोट फिरवा, बोटाला तांबूस पूड लागते. एका रात्रीत आलेला गंज असतो तो. प्रेशरच्या पाण्याने मळाबरोबर तेलही उडवलेलं असतं आणि नंतर चेनला तेल द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलेलं नसतं.

इंजिनाची आपण काळजी घेतो, कारण त्याच्या ऑइलबद्दल मेकॅनिक दर सर्व्हिसिंगला विचारतो. चेनबद्दल विचारलं जातं ते ती खळखळायला लागल्यावर. तेव्हाही बहुतेकांची मागणी एकच असते, ‘जरा टाइट करून द्या.’ मेकॅनिक दोन मिनिटांत चेन ओढून देतो, वरून ब्रशने जळकं ऑइल फासतो आणि गाडी शांत होते. एवढ्याला चेनची निगा राखणं म्हणत नाहीत. उलट या दोन मिनिटांत चेनचं आयुष्य कमीच होण्याची शक्यता जास्त. ते का, हे कळायला चेनच्या आत काय असतं ते एकदा नीट पाहायला हवं.

गॅरेजमध्ये टाकून दिलेली एखादी जुनी चेन मिळाली तर तिचा तुकडा हातात घ्या. बाहेरून दिसतात त्या पट्ट्या आणि त्यांच्या मधले गोल रोलर. रोलर स्प्रॉकेटच्या दातांमध्ये बसतो. या रोलरच्या पोटात एक पोकळ नळी असते, तिला बुश म्हणतात. बुशची टोकं आतल्या दोन पट्ट्यांमध्ये पक्की दाबून बसवलेली असतात. आणि बुशच्या पोकळीतून जाते पिन. तिची टोकं बाहेरच्या पट्ट्यांमध्ये अडकवलेली असतात. पिन, बुश, रोलर, पट्ट्या, बस. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिराने इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १८८० साली या रचनेचं पेटंट घेतलं. धातू सुधारले, ताकद वाढली, पण आज तुमच्या गाडीला लागलेली चेन मूळ रचनेने तीच आहे.

चेन स्प्रॉकेटवर चढते आणि उतरते तेव्हा प्रत्येक कडी किंचित वळते. कडी वळते म्हणजे पिन बुशच्या आत घासते, तेही इंजिनाची सगळी ओढ अंगावर घेऊन. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो तेव्हा पट्ट्या ताणलेल्या नसतात. पिन आणि बुश एकमेकांना घासून झिजलेले असतात आणि त्यामुळे प्रत्येक सांधा केसभर सैल झालेला असतो. चेनमध्ये साधारण शंभराच्या आसपास सांधे धरले आणि प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा फक्त दहावा भाग झिजला, तरी सगळ्यांची बेरीज एक सेंटिमीटर होते. तेवढी चेन लांबली.

म्हणजे जपायची जागा बाहेर नाही. पिन आणि बुशच्या मधे जी बारीक फट आहे तिथे तेल असलं पाहिजे आणि तिथे धूळ जाता कामा नये. चेनच्या निगेत जे जे करायचं ते या एका फटीसाठी. बाहेरून चेन कितीही चकचकीत असो किंवा काळ्या ग्रीसने माखलेली असो, त्यावरून आतलं काही कळत नाही.

आता आपल्या गाडीला कोणती चेन आहे ते पाहा. आतली आणि बाहेरची पट्टी जिथे एकमेकींवर येतात त्या फटीत टॉर्च मारा. काळी रबरी कडी दिसली तर ती ओ-रिंगची चेन. नाही दिसली तर साधी. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या गाड्यांवर बहुधा साधी चेन असते आणि २०० सीसीच्या पुढच्या बहुतेक गाड्यांवर ओ-रिंगची. मधल्या गाड्यांचं मात्र सांगता येत नाही, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं बरं. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबराने कोंडलेलं असतं. ते आपल्याला बदलता येत नाही, पण घालवता मात्र येतं. चुकीच्या रसायनाने रबर फुगलं, वाळलं किंवा तारेच्या ब्रशने फाटलं की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. ‘ओ-रिंगच्या चेनला तेल लागत नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आतून लागत नाही हे खरं. पण रोलर आणि बुशच्या मधे, दातांवर, पट्ट्यांवर गंज धरू नये आणि ते रबर कोरडं पडू नये म्हणून बाहेरून लागतंच.

साफ करताना

सगळ्यात आधी इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, कारण चेनच्या कामातला सगळ्यात वाईट अपघात इथेच होतो. गाडी मेन स्टँडवर लावायची, पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाक आपोआप फिरत असताना चेनवर फडकं धरायचं, ही पद्धत गॅरेजमध्येही दिसते आणि व्हिडिओंमध्येही. फडक्याचा एक दोरा दातात अडकला की फडकं जातं आणि त्याच्याबरोबर बोटं. चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे सापडलेलं बोट सहसा तुटूनच बाहेर येतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाक हाताने फिरवा.

हाताने फिरवतानाही दिशा महत्त्वाची. चेनच्या खालच्या बाजूला, मागच्या स्प्रॉकेटच्या जरा पुढे ब्रश किंवा फडकं धरा आणि चाक उलटं, म्हणजे गाडी मागे जाताना फिरतं तसं फिरवा. अशाने चेन स्प्रॉकेटवरून सुटून तुमच्या हाताकडे येते. चाक सुलटं फिरवलं तर तीच चेन तुमचा हात स्प्रॉकेटकडे ओढत नेते. घरात लहान मूल मदतीला आलं असेल तर त्याला चाक फिरवायला देऊ नका आणि चेनजवळ तर अजिबात नको.

मळ काढायला रॉकेल उत्तम. रेशनचं रॉकेल बऱ्याच ठिकाणी मिळेनासं झालं आहे, त्यामुळे आता चेन क्लीनरचा स्प्रे किंवा नाइलाजाने डिझेल. डिझेल चालतं, पण ते मागे तेलकट थर सोडतं, म्हणून पुसायला जास्त मेहनत घ्यावी लागते. पेट्रोल नको. ते रबर खराब करतं आणि एका ठिणगीवर पेटतं. थिनर तर घरातही ठेवू नये असं माझं मत आहे. गंजलेले नटबोल्ट सोडवायचे स्प्रे मिळतात, ते मळ सोडवायला ठीक आहेत, पण ते मारून काम झालं असं समजू नका. त्यातलं तेल इतकं पातळ असतं की चेनवर ते टिकत नाही.

जुना टूथब्रश पुरतो. तीन बाजूंनी घासणारा चेनचा खास ब्रश मिळतो, तो घेतलात तर काम निम्म्या वेळात होतं. गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. मागच्या टायरवर आणि डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर काही उडू नये म्हणून चेनच्या मागे पुठ्ठा धरा. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चार बाजूंनी घासा. आतली बाजू, म्हणजे चाकाकडची, लोक विसरतात. सगळ्यात जास्त मळ तिथेच साचतो. पुढच्या छोट्या स्प्रॉकेटवरचं कव्हर दोन-तीन बोल्टवर असतं. कधीमधी ते काढून पाहा. आत काळ्या ग्रीसचा आणि मातीचा असा गोळा निघतो की एवढा वेळ हे सगळं घेऊन गाडी कशी पळत होती असं वाटावं. घासून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा पुसा, आणि चेन वाळू द्या. घाण झालेलं रॉकेल गटारात किंवा परसात ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात टाकून या.

कव्हरबंद चेनच्या गाड्या आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि चेनचे सगळ्यात जास्त हालही त्यांच्याच. ते कव्हर मुळात चांगली सोय आहे. धूळ अडवतं, पाऊस अडवतं, कपडे सांभाळतं. पण चेन डोळ्यांआड गेली की ती मनातूनही जाते. कव्हरला रबरी बुचाचं एक भोक असतं. चेनची ढील पाहण्यासाठी ते दिलेलं आहे. त्यातूनच वर्षानुवर्षं ऑइल ओतलं जातं आणि ते तळाशी साठलेल्या मातीत मिसळून चेनला घासायला खरकागदासारखं काम करतं. वर्षातून दोनदा तरी पूर्ण कव्हर उतरवा. एकदा मिरगाच्या आधी, एकदा पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमाराला. कव्हरचे दोन भाग असतात आणि मोजके बोल्ट. काम अर्ध्या तासाचं आहे. परत बसवताना मात्र दोन्ही भाग नीट जुळवा, नाहीतर चेन कव्हरला घासून नवाच आवाज सुरू होतो.

याच्या उलट टोकाला काही तरुण मंडळी गाडी ‘क्लीन’ दिसावी म्हणून चेनचं कव्हर आणि साडी गार्ड दोन्ही काढून टाकतात. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांना संरक्षण देणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाने सक्तीची आहे आणि ती उगाच नाही. पदर किंवा ओढणी चाकात नाहीतर चेनमध्ये गेली की माणूस खेचला जातो. सौंदर्याच्या इतर वाटा शोधाव्यात.

तेल कोणतं, कुठे, कधी

साध्या चेनसाठी नव्वद नंबरचं गिअर ऑइल. दुकानात त्याच नावाने मागा, डब्यावर ८० डब्ल्यू ९० किंवा नुसतं ९० लिहिलेलं असतं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकांत हेच सांगितलेलं असतं. ते स्वस्त आहे आणि पिन-बुशच्या फटीत उतरण्याइतकं पातळ आहे. त्याचा दोष एवढाच की ते उडतं, रिमवर काळे ठिपके पडतात. चेन ल्यूबच्या स्प्रेमध्ये तेलाबरोबर द्रावक असतो. द्रावक तेलाला फटीत घेऊन जातो, मग उडून जातो आणि घट्ट तेल मागे राहतं. ते कमी उडतं, पण महाग पडतं. ओ-रिंगची चेन असेल तर ‘ओ-रिंगसाठी चालेल’ असं लिहिलेलाच स्प्रे घ्या. तशा चेनला गिअर ऑइलही चालतं.

जळक्या ऑइलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नको. इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये काजळी असते आणि धातूचे बारीक कण असतात. ज्या फटीत कण जाऊ नयेत म्हणून एवढा खटाटोप, तिथे आपणच ते आणून सोडायचे? फुकट मिळतं एवढाच त्याचा गुण. घट्ट ग्रीसचंही तसंच. ते बाहेरच बसतं, फटीत शिरत नाही, आणि वर धूळ ओढून घेतं. ग्रीस थापलेली चेन बघायला भरभक्कम वाटते, आतून कोरडी असते.

तेल द्यायची वेळ गाडी चालवून आल्यावरची. चेन कोमट असते तेव्हा तेल आत चांगलं उतरतं. खालच्या बाजूच्या चेनवर आतून, म्हणजे वरच्या तोंडाकडून, तेल सोडा. चेन फिरू लागली की तेल बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून दिलेलं तेल सांध्यांमधून बाहेर येतं. बाहेरून दिलेलं नुसतंच उडून जातं. थेंब कुठे टाकायचा? जिथे आतली आणि बाहेरची पट्टी एकमेकींवर येतात त्या फटीत, डावीकडे एक, उजवीकडे एक. पिनपर्यंत जायची वाट तीच आहे. रोलरच्या मधोमध तेल टाकलं तर रोलर खूश, पिन उपाशी. ऑइल इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरलं तर थेंब नेमका पडतो आणि वायाही जात नाही.

एक सांधा ओळखून ठेवा, त्यावर खडूची खूण करा, म्हणजे फेरी पूर्ण झाली की कळतं. तेल देऊन झाल्यावर चाक हाताने आठ-दहा वेळा फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाका. नव्या माणसाला हे पटत नाही. तेल दिलं ते पुसायचं कशाला? कारण लागणारं तेल आता आत आहे. बाहेर उरलेलं फक्त धूळ गोळा करणार आणि मागच्या टायरवर उडणार. हे काम रात्री करून गाडी तशीच उभी ठेवली तर उत्तम. स्प्रे मारून लगेच निघालात तर निम्मा स्प्रे पँटवर येतो.

दर ५०० किलोमीटरला एकदा, असं धरून चला. आठवड्यात शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला ते पाच आठवड्यांतून एकदा येतं. घरपोच पार्सल देणाऱ्या मुलाची गाडी दिवसाला शंभर किलोमीटर पळते, त्याला पाच दिवसांनी. साफसफाई दर वेळी करायलाच हवी असं नाही. दोन-तीनदा तेल आणि मग एकदा सफाई, एवढं पुरतं. पावसाळ्याचं गणित वेगळं. भर पावसात घाट चढून आलात, ओढ्यातून गाडी काढलीत, वॉशिंग करून घेतलंत, तर किलोमीटर मोजू नका. चेन पुसा आणि त्याच दिवशी तेल द्या. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचा चिखल चेनवर वाळून दगडासारखा होतो, तो ओला असतानाच साध्या बादलीभर पाण्याने काढलेला बरा. प्रेशरचा पाइप चेनपासून लांब ठेवायला सांगा, चाकाच्या बेअरिंगपासूनही. कोकणात आणि गोव्यात खारी हवा गाडी उभी असतानाही चेन खाते. पुळणीवर गाडी घातलीच असेल तर घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल द्या. उद्या करू म्हटलं की उद्या गंज.

ढील किती असावी

चेन सैल असली की आवाज करते, म्हणून ती सगळ्यांना वाईट वाटते. घट्ट चेन आवाज कमी करते किंवा नुसती गुणगुणते, म्हणून ती चांगली वाटते. प्रत्यक्षात जास्त नुकसान घट्ट चेन करते.

कारण असं. मागचं चाक ज्या फोर्कवर बसलेलं असतं, तो जिथून वर-खाली हलतो तो सांधा पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडा मागे असतो. दोघांचा मध्य एक नाही. त्यामुळे खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, फोर्कचा सांधा आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त होतं आणि चेन सगळ्यात ताठ होते. गाडी रिकामी उभी असताना दिसणारी ढील त्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते. आता त्याच गाडीवर मागे बायको, मधे मूल, किंवा दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन आहेत असं समजा. स्टँडवर ताठ केलेल्या चेनला तेव्हा जायला जागा उरत नाही. मग सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर, ऑइल सीलवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळायला लागलेल्या गाडीची चेन एकदा तपासून पाहावी.

रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील सांगितलेली असते. लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना याहून जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा फोर्कवरच्या स्टिकरवर असतो, आणि तो मेन स्टँडवर पाहायचा की साइड स्टँडवर हेही तिथेच लिहिलेलं असतं. दोन्हींमध्ये फरक पडतो, म्हणून ते वाचाच. मोजायचं असं. खालच्या चेनच्या मधोमध मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरा. चेन बोटाने खाली दाबा, आकडा बघा. वर उचला, आकडा बघा. दोन्हींतला फरक म्हणजे ढील.

एका जागी मोजून थांबू नका. चाक थोडं फिरवा, पुन्हा मोजा, असं पूर्ण फेरीत चार-पाच ठिकाणी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ३० मिलिमीटर आणि दुसऱ्या जागी १५ असं निघू शकतं. ढील नेहमी सगळ्यात ताठ जागेवर लावायची. सैल जागेवर लावली तर ताठ जागा तारेसारखी ओढली जाते. हा फरक फार मोठा असेल तर चेन संपत आली आहे, ती ओढून उपयोग नाही.

ढील कमी करायची तर आधी एक्सलचा नट सैल करा. काही गाड्यांना चेनच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तोही सोडावा लागतो. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवा. एका वेळी पाव फेरा, जास्त नको. फोर्कवर दोन्हीकडे रेघा असतात, दोन्ही बाजूंची खूण एकाच रेघेवर आली पाहिजे. त्या रेघांवर माझा पूर्ण भरवसा नाही, म्हणून गाडीच्या मागे बसून एक डोळा मिटून चेनच्या रेषेत बघा. चेन स्प्रॉकेटवर सरळ चढताना दिसली पाहिजे. चाक तिरकं बसलं तर स्प्रॉकेटचे दात एका बाजूनेच घासून चमकायला लागतात. ती चमक दिसली तर समजावं की पूर्वी कुणीतरी एकच बाजू ओढलेली आहे.

नट आवळताना चाक मागे सरकतं आणि लावलेली ढील बिघडते. त्याला एक सोपी युक्ती आहे. फडक्याची घट्ट गुंडाळी करून ती खालच्या बाजूने मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मधे धरा आणि चाक सुलटं थोडंसं फिरवा. फडकं दातात दबलं की हात लगेच सोडा. त्या दाबाने एक्सल पुढे अॅडजस्टरला टेकून बसतो. आता नट आवळा, मग चाक उलटं फिरवून फडकं काढा. ढील पुन्हा मोजा. मग दोघांना गाडीवर बसवा आणि चेन खालून बोटाने हलवून बघा. भरल्या गाडीवरही ती थोडी हलायला हवी.

मागे ड्रम ब्रेक असेल तर काम अजून संपलेलं नाही. चाक मागे गेलं की ब्रेकची सळई ओढली जाते. पेडलचा मोकळा खेळ कमी होतो, ब्रेक लागून राहतो, ड्रम तापतो, अॅव्हरेज पडतं आणि दोष चेनवर येतो. सळईवरचा नट सोडून पेडल पुन्हा बरोबर करा. चाक हाताने मोकळं फिरतंय ना आणि मागचा दिवा वेळेवर लागतोय ना, ते बघा. एक्सलला कॉटर पिन असेल तर नवीच लावा.

ज्या गाडीला मेन स्टँड नाही ती साइड स्टँडवर टेकवून दगडाच्या आधाराने चाक उचलायचा उद्योग करू नका. गाडी सपाट जागेवर थोडी-थोडी पुढे ढकलत काम होतं. वेळ लागतो, पण गाडी अंगावर येत नाही.

बदलायची केव्हा

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून मागे ओढा. चेन दातांवरून उचलली जाऊन निम्मा दात दिसायला लागला तर ती संपली. टेपने मोजायचं असेल तर चेन ताठ करून २१ पिना मोजा आणि पहिलीच्या मध्यापासून एकविसावीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. ४२८ नंबरच्या नव्या चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर भरतं आणि २५९च्या आसपास गेलं की चेन टाकून द्यायची. ५२० नंबरच्या चेनमध्ये नव्याचं माप ३१७.५ मिलिमीटर, ३२० ओलांडलं की नव्या सेटची तयारी. नंबर चेनच्या पट्टीवरच कोरलेला असतो.

स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील किंवा समुद्राच्या लाटेसारखे एका बाजूला वाकले असतील तर तेही गेले. पुढचं स्प्रॉकेट आधी जातं, कारण त्याचे दात कमी आणि प्रत्येक दाताला काम जास्त. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दातांवर नवी चेन चढवली तर काही हजार किलोमीटरमध्ये ती जुन्यासारखी होते आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन जातात. गाडी हिसके देते म्हणून चेन बदलायला निघाला असाल तर आधी मागच्या हबमधले रबर बघून घ्या. पुष्कळदा हिसका त्यांचा असतो आणि ते चेनसेटच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतात.

झिजलेली चेन तशीच रेटण्यातला धोका आवाजाचा नाही. ती दातांवरून उडते किंवा तुटते. तुटलेली चेन चाकात अडकली तर चाक जाम होतं. पुढच्या बाजूला गुंडाळली गेली तर इंजिनाचं केसिंग फोडते. कडी गंजून अडकलेली असेल आणि तेल देऊन, हाताने वळवूनही मोकळी होत नसेल, तरीही चेन संपली असंच समजा.

छोट्या गाड्यांच्या चेनला लॉक असतं, वर मासळीच्या आकाराची स्प्रिंगची पट्टी. तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं आणि उघडं तोंड मागे. उलटं बसवलं तर कशाला तरी अडकून ती पट्टी निसटू शकते. गॅरेजमधून गाडी आणताना एवढं तरी वाकून बघाच. कारण चेन लॉकच्या जागेवर सुटली तर रस्त्यावर सुटते.

नव्या चेनवर चिकट, पिवळसर ग्रीस असतं. ते कारखान्यातलं असतं आणि आतपर्यंत मुरवलेलं असतं. नवी चेन स्वच्छ दिसावी म्हणून ते रॉकेलने धुवून टाकू नका. बाहेरचं फार वाटलं तर कोरड्या फडक्याने पुसा. नवी चेन सुरुवातीला थोडी लवकर सैल होते, तेव्हा पहिल्या ३०० किलोमीटरनंतर ढील एकदा मोजा आणि लागली तर पाव फेरा द्या.